सदर वस्तू कोरडी ठेवावी

सरोजिनी नगरातला आमचा सरकारी फ्लॅट माझ्या बायकोच्या नावावर आहे. हे मी आधीच सांगून टाकतो, नाहीतर ती सांगेलच. मी दोन वर्षांपूर्वी सेक्शन ऑफिसर म्हणून निवृत्त झालो, विजयालक्ष्मीची अजून चार वर्षं नोकरी आहे. त्यामुळे सरकारी कागदावर मी तिचा 'अवलंबित' आहे. चौतीस वर्षं दुसऱ्यांच्या अर्जांवर शेरे मारले आणि शेवटी हा शेरा माझ्याच कपाळी आला. ती सकाळी साडेआठला डबा घेऊन मेट्रोकडे पळते. मी सातव्या मजल्यावर पेपर, चहा आणि माझी मतं घेऊन बसतो.

मतं असलेला माणूस घरात एकटा असला की दार वाजवणाऱ्याचं काही खरं नसतं. आमचं दार वाजवायची ती अनुष्का. गेटजवळ इस्त्रीचं टेबल लावणाऱ्या रामसनेहीची मुलगी, वय वर्षं आठ, जवळच्याच सरकारी प्राथमिक शाळेत तिसरीत. एका खांद्यावर आमच्या कपड्यांचा गठ्ठा, दुसऱ्या कडेवर नऊ महिन्यांचा भाऊ लड्डू. डिसेंबरातल्या एका मंगळवारी अकरा वाजता ती आली, गठ्ठा दिला आणि मला आपादमस्तक न्याहाळून म्हणाली,

"अंकल जी, आप रोज़ घर पर ही रहते हो?"

"हां। रिटायर हो गया हूं।"

"मतलब?"

"मतलब अब दफ़्तर नहीं जाना पड़ता।"

तिने लड्डूला या कडेवरून त्या कडेवर घेतलं आणि विचार केला. "अच्छा। आपका भी नाम कट गया?"

मला असा राग आला म्हणून सांगू! निरोप समारंभ, शाल, नारळ, भिंतीवरचं घड्याळ, सगळं तिला दाखवावंसं वाटलं. मग त्या वाक्यातला 'भी' माझ्या ध्यानात आला.

"तुम्हारा कट गया क्या?"

"अभी नहीं। मैडम ने बोला है, ऐसे ही घर बैठोगी तो कटेगा।"

प्रकरण असं होतं. लड्डू नोव्हेंबरात रांगायला लागला. रामसनेहीची इस्त्री कोळशाची. एक दिवस एक निखारा खाली पडला आणि लड्डूने तो खाऊ समजून उचलला. बोट भाजलं. आई फूलवती सकाळभर पाच घरी भांडी-फरशी करायची, ती त्याला कुठे नेणार? म्हणून तेव्हापासून अनुष्का ओढणीचं एक टोक लड्डूच्या कमरेला आणि दुसरं स्वतःच्या कमरेला बांधून पार्किंगमध्ये बसायची. शाळा सुटली ती सुटलीच. वर बापाने ठरवलं होतं, होळीला दोघांना गावी दादीकडे पाठवायचं.

"गांव में स्कूल नहीं है?" मी विचारलं.

"है। पर वहां मुझे जाने कौन देगा? दादी की बकरियां हैं।"

एवढं सांगून ती निघून गेली. रडली बिडली नाही. रडली असती तर मी तिला बिस्किट दिलं असतं आणि विषय संपला असता.

संध्याकाळी मी विजयाला हे सांगितलं आणि सोबत माझं मतही दिलं. "यासाठी रीतसर मार्ग असतात. सरकारी पाळणाघर आहे की. अर्ज करावा, उचित माध्यमातून."

"ते पाळणाघर कर्मचाऱ्यांच्या मुलांसाठी आहे."

"मग नियमात शिथिलता मिळावी म्हणून निवेदन द्यावं."

नासलेल्या दुधाच्या पातेल्याकडे बघावं तसं तिने माझ्याकडे बघितलं. "अहो, त्या निवेदनाचं उत्तर येईपर्यंत लड्डूचं लग्न होईल," ती म्हणाली आणि कुकर लावायला गेली. विषय मिटला असं मी समजलो. एकतीस वर्षांच्या संसारानंतरही मी हे असं समजतो, म्हणजे माझी कमालच आहे.

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात, चहाबरोबर न मागता खारी मिळाली तेव्हाच मला संशय यायला हवा होता.

"अहो, मंडळासाठी एक ड्यूटी रोस्टर करून द्या ना. सोमवार ते शनिवार, सहा घरं, सकाळी पावणेआठ ते दुपारी दीड. एक वस्तू आहे, ती आळीपाळीने सांभाळायची आहे."

"कसली वस्तू?"

"नाजूक आहे. सारखं लक्ष ठेवावं लागतं. आणि हे बघा, मंडळातली माणसं तुम्हाला ठाऊकच आहेत. कुणाला पळवाट राहता कामा नये. असं बिल्कुल पक्कं लिहिणारा तुमच्याशिवाय आहे कोण?"

स्तुतीपुढे शहाणा माणूसही शेळी होतो. वस्तू कोणती हे मी माझं मीच ठरवलं: हार्मोनियम. आमच्या महाराष्ट्र मंडळाच्या जुन्या पेटीचा भाता उंदरांनी खाल्ला होता आणि नवी घ्यायची चर्चा दिवाळीपासून चालू होती. सकाळच्याच वेळी का, तर मंडळाच्या खोलीला रंग देत असतील. ज्याचा कागद समोर नाही त्याची कल्पना करून टिप्पणी लिहायची सवय सरकारात लागते, ती निवृत्तीनंतर जात नाही.

मी दोन दिवस बसलो. नऊ नियम लिहिले. वस्तू उघड्या फरशीवर ठेवू नये, खाली जाड सतरंजी घालावी. सदर वस्तू कोरडी ठेवावी. ओल आढळल्यास तात्काळ पुसून काढावी. थंडीच्या दिवसांत रोज दहा मिनिटं कोवळं ऊन द्यावं. नियम पाचवर तर मी बेहद्द खूश होतो: 'वस्तूतून अनपेक्षित आवाज आल्यास घाबरून जाऊ नये, प्रथम मागची बाजू तपासावी.' पेटीचा भाता मागे असतो, हे ज्ञान सगळ्यांना नसतं. रोज सकाळी वस्तू देताना आणि दुपारी परत करताना रजिस्टरात सही आणि शेरा.

नियम सात मात्र मी खास गुणवंतरावांसाठी लिहिला. गुणवंतराव म्हणजे आमच्याच इमारतीत दहाव्या मजल्यावर राहणारे निवृत्त उपसचिव. त्यांचंही क्वार्टर बायकोच्या, रसिकावहिनींच्या, नावावर आहे. एवढ्या एका बाबतीत आम्ही समदुःखी. बाकी ते माझ्यापेक्षा दोन पायऱ्या वर होते हे ते मला लिफ्टमध्येसुद्धा विसरू देत नाहीत. मंडळाचं कुठलंही काम निघालं की त्यांचा गुडघा दुखतो, आणि गुडघा बरा असला तर 'मी आता रिटायर्ड आहे' हे ठरलेलं. म्हणून मी लिहिलं: 'रोस्टरमधील व्यक्ती कामावर असल्यास त्या घरातील सर्वांत मोकळी व्यक्ती आपोआप लिंक ऑफिसर समजली जाईल. सेवानिवृत्ती अथवा गुडघा ही कारणे ग्राह्य धरली जाणार नाहीत.' रजेवर गेलेल्याचं काम ज्याच्या गळ्यात पडतं त्याला सरकारात लिंक ऑफिसर म्हणतात. शेवटी हात सवयीने चालला आणि मी तळाशी लिहिलं, 'हे रोस्टर ३१ मार्चपर्यंत वैध राहील.' सरकारात सगळंच ३१ मार्चला संपतं.

विजयाने वाचलं आणि पदराने तोंड पुसलं. ती हसत होती हे मला नंतर कळलं.

संक्रांतीनंतरच्या रविवारी आमच्याकडे हळदीकुंकू होतं. कुणीतरी तिळगूळ आणला होता. मला बेडरूममध्ये कोंडलं होतं, म्हणजे 'टीव्ही बघा' म्हणून दार लोटून घेतलं होतं. फटीतून मला दिसत होतं ते सांगतो. बावीस बायका आल्या. सतरा जणींना वाण म्हणून सुवासिक साबण मिळाला. पाच जणींना मात्र स्टीलचा झाकणाचा डबा, लाल दोऱ्याने बांधलेला. "घरी जाऊन उघडा हं," विजया प्रत्येकीला सांगत होती. डबेवाल्या पाच जणी साबणवाल्यांकडे बघत अशा काही मिरवत होत्या की मलाच लाज वाटली. त्या पाचही जणींच्या घरी सकाळी कुणी ना कुणी रिकामं बसलेलं असतं, ही गोष्ट त्या वेळी माझ्या लक्षात आली नाही.

सात वाजता फोन सुरू झाले. साडेसातला रसिकावहिनी स्वतः डबा घेऊन दारात हजर. पाठोपाठ पाचव्या मजल्यावरची सृष्टी आणि तिच्या ब्याऐंशी वर्षांच्या सासूबाई, इंदुमती आजी.

"विजयालक्ष्मी, हे काय आहे यार?" रसिकावहिनींनी डबा उघडून दाखवला. आत जुन्या मऊ साडीचं शिवलेलं एक दुपटं होतं आणि त्याखाली माझ्या सुवाच्य अक्षरातल्या रोस्टरची झेरॉक्स. फक्त वरच्या कोपऱ्यात विजयाने एक ओळ वाढवली होती: 'वस्तूचे नाव: लड्डू. वय: दहा महिने.'

मी ते दोनदा वाचलं. मग नियम पाच वाचला. मग मी खुर्चीत बसलो.

"तू मला फसवलंस," मी म्हणालो.

"फसवलं कुठे? नाजूक आहे म्हटलं होतं. सारखं लक्ष ठेवावं लागतं हेही म्हटलं होतं."

"मला सांगता येत नव्हतं?"

"तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही टिप्पणी लिहिली असतीत. उद्या शाळा उघडतेय. त्या पोरीला मॅडमनी शेवटची संधी दिलीय. थंडीची सुट्टी संपली, आता टिप्पणीला वेळ कुठाय?"

रसिकावहिनी ऐकत होत्या. त्या वाईट बाई नाहीत, पण दहाव्या मजल्यावर एवढंसं पोर म्हणजे... त्यांनी डब्याचं झाकण लावलं आणि तो टेबलावर पुढे सरकवला. "सॉरी गं, मला नाही जमणार. हे परत घे."

लग्नातला आहेर परत करणारी माणसं मी पाहिली आहेत. पण संक्रांतीचं वाण परत? असं कुणी केलेलं मी ऐकलं नव्हतं. विजयाने डब्याला हातही लावला नाही. तिचा सगळा डाव या एका गोष्टीवर उभा होता आणि ती माझ्याहून जास्त घाबरली होती, हे मला तिच्या पदराशी चाललेल्या चाळ्यावरून दिसत होतं.

तेवढ्यात इंदुमती आजी बोलल्या, अगदी सहज. "परत करायचं तर कर बाई. आमच्या शेजारच्या मालतीने केलं होतं. त्याच एप्रिलात तिची बदली झाली."

"बदली?" रसिकावहिनींनी विचारलं.

"लांब. तीन वर्षं. क्वार्टरही गेलं."

ही मालती आजच, आत्ताच जन्माला आली होती हे माझ्यासारख्या जुन्या माणसाला कळत होतं. पण रसिकावहिनींच्या ऑफिसात बदल्यांची यादी एप्रिलातच निघते. त्यांनी डबा हळूच परत ओढून घेतला. "बघते मी, यांना विचारून," त्या म्हणाल्या. नियम सातप्रमाणे विचारण्याची गरज नव्हती.

सोमवार आमचा होता. विजया साडेआठला ऑफिसला जाणार आणि घरातली सर्वांत मोकळी व्यक्ती म्हणजे कोण, हे सांगायला नको. पावणेआठला दारात अनुष्का उभी. आखूड झालेला स्वेटर, दोन वेण्या, लाल रिबिनी. तिने लड्डू माझ्या हातात दिला, रजिस्टरात जीभ बाहेर काढून सही केली आणि लिफ्टची वाट न बघता जिन्याने धूम पळाली. सात मजले तिच्या चपला वाजत होत्या.

साडेनऊला वस्तूतून अनपेक्षित आवाज आला. मी घाबरून गेलो. विजयाला फोन लावला. ती मीटिंगमध्ये होती. हळू आवाजात म्हणाली, "नियम पाच बघा," आणि फोन ठेवला. मी मागची बाजू तपासली. हार्मोनियममध्ये असं काही कधी निघालेलं नाही.

पण दुपारी दीडला अनुष्का परत आली तेव्हा लड्डू जिवंत होता, कोरडा होता, आणि माझा चष्मा त्याच्या तोंडात होता. तिने आधी त्याला नीट उलटून-पालटून पाहिलं, मग सही केली. "अंकल जी, आज भाग वाले सवाल हुए। मुझे एक भी नहीं आया," असं ती इतक्या आनंदाने म्हणाली की मला वाटलं बक्षीसच मिळालंय.

मंगळवारी गुणवंतराव. त्यांनी रजिस्टरात पहिल्याच दिवशी शेरा मारला: 'वस्तू ओली प्राप्त झाली.' मी खाली उत्तर लिहिलं: 'सोमवारी परत करताना कोरडी होती. गेटपासून दहाव्या मजल्यापर्यंतच्या प्रवासात ओली झाली असावी.' त्यावर त्यांचं प्रत्युत्तर: 'अनुमान नको, वस्तुस्थिती नमूद करावी.' असा पत्रव्यवहार दोन आठवडे चालला. अनुष्का तो रोज मोठ्याने वाचायची. अक्षरं तीच, भाषा मात्र आमची, त्यामुळे दर दोन शब्दांना "इसका मतलब?" अडखळत अडखळत सुरुवात केलेली पोर फेब्रुवारीत 'अनुमान', 'नमूद', 'तात्काळ' असे शब्द घडाघडा वाचायला लागली. तिच्या मॅडमला तिने एकदा 'तात्काळ' ऐकवला म्हणे.

आणि गुणवंतरावांचा गुडघा! एकदा मी रजिस्टर द्यायला वर गेलो तर निवृत्त उपसचिव सतरंजीवर चारही पायांवर, म्हणजे दोन हात आणि दोन गुडघे यांवर, आणि लड्डू त्यांच्या पाठीवर. मला बघून ते म्हणाले, "फिजिओथेरपी आहे." मी रजिस्टरात नोंद केली नाही. माणसाला माणूस म्हणून काही सवलत द्यावी लागते.

होळी आठवड्यावर आली तेव्हा मी गेटजवळ सहज रामसनेहीला म्हणालो, "अब तो गांव भेजने की बात नहीं है न?"

त्याने इस्त्री उभी करून ठेवली. "बाबू जी, टिकट हो गया। होली से दो दिन पहले का।"

"क्यों? रोज़ स्कूल जा रही है। लड्डू ठीक है।"

"आप लोगों का एहसान है। पर आप लोग कब तक रखोगे? आपके काग़ज़ में ही लिखा है, इकतीस मार्च तक। बिटिया ने पढ़ के सुनाया।"

वाचायला शिकवलं आम्ही, कागद लिहिला मी, आणि त्या कागदाची शेवटची ओळ तिनेच बापाला वाचून दाखवली. वाचताना तिला काय वाटलं असेल? ती एक ओळ तिला गाळता आली असती. तिने गाळली नाही. आणि मी ती लिहिली होती कशासाठी, तर हाताला सवय म्हणून.

घरी येऊन मी विजयाला काही बोललो नाही. पेन काढलं आणि '३१ मार्चपर्यंत' वर काट मारली. त्याजागी लिहिलं, 'पुढील आदेश होईपर्यंत'. मग लिफ्टने आणि जिन्याने पाच घरं फिरलो. इतकी वर्षं माझ्याकडे सह्यांसाठी लोक येत. आज मी दारोदार. इंदुमती आजींनी सही करून वर मालतीचं पुढे काय झालं तेही सांगितलं. गुणवंतरावांनी पेन हातात धरून बराच वेळ घेतला. मला वाटलं, आता गुडघा निघणार.

"शेऱ्यांचं रजिस्टर चालू राहील ना?" त्यांनी विचारलं.

"राहील."

"आणि उन्हाळ्यात तुम्ही सगळे गावी गेलात तर मंगळवारखेरीज इतर वारही मला चालतील," असं म्हणून त्यांनी सही केली.

रामसनेहीला मी कागद वाचून दाखवला. 'अगले आदेश तक' म्हणजे काय ते समजावून सांगितलं. आमच्या ऑफिसात एक शिपाई पुढील आदेश होईपर्यंत म्हणून दुसऱ्या मजल्यावर बसवला होता. तो सत्तावीस वर्षांनी तिथूनच निवृत्त झाला.

"पर बाबू जी, आदेश देगा कौन?"

"कोई नहीं। यही तो बात है।"

तो पहिल्यांदाच हसला. पण लगेच गंभीर झाला. शाळेने शनिवारी पालकाला बोलावलं होतं. फार दिवस गैरहजर राहिलेल्या मुलांच्या पालकांनी येऊन लिहून द्यायचं होतं, मूल रोज येईल म्हणून. तरच नाव राहणार. "मुझे लिखना नहीं आता, बाबू जी। फूलवती को भी नहीं। मैडम पूछेगी दो महीने कहां थी, तो क्या बोलूंगा?" त्याने शर्टाच्या कॉलरवर पाणी शिंपडलं. "आप चले जाइए। नाम रहा तो टिकट लौटा दूंगा। नहीं रहा तो जाएगी।"

अधिकारपत्र मी लिहिलं, अंगठा त्याने उठवला. शनिवार सृष्टीचा होता, पण आजींना हिंदूराव हॉस्पिटलात डोळे दाखवायला जायचं होतं. म्हणजे लड्डूही माझ्याकडेच.

वर्गाबाहेर रांग होती. माझा नंबर आला तेव्हा अनुष्का दाराच्या चौकटीला चिकटून उभी होती. रिबिनीचं टोक तोंडात. मॅडमनी हजेरीपट समोर ओढला. नोव्हेंबर, डिसेंबर: लाल शाईच्या फुल्याच फुल्या. जानेवारीत शाळा उघडल्यापासून एकही नाही.

"आप बच्ची के दादा हैं?"

"नहीं।"

"नाना?"

"जी नहीं।"

"फिर कौन हैं?"

चौतीस वर्षांत मला कुणी इतका साधा प्रश्न विचारला नव्हता. शेजारी म्हणावं तर इस्त्रीवाल्याचं टेबल आमच्या शेजारात धरायचं का? ओळखीचा म्हणावं तर नाव कापायला तेवढं पुरे. मागे रांगेतली माणसं चुळबुळ करत होती. मी छाती पुढे काढली.

"लिंक ऑफिसर," मी म्हणालो आणि कागद पुढे केले: अधिकारपत्र, रोस्टर, नऊ नियम, सहा सह्या, पुढील आदेश होईपर्यंत. मॅडमना मराठी कळत नव्हती, पण अक्षरं वाचता येत होती. त्या नियम दोनपाशी थांबल्या. "ये 'वस्तू' क्या चीज़ है?"

मी लड्डू पुढे धरला. त्याच क्षणी त्याने नियम दोनचा भंग केला, माझ्या पँटवर.

मॅडमनी आधी तोंडावर हात धरला, मग तो सोडून दिला आणि मनसोक्त हसल्या. हसू आवरल्यावर त्यांनी एकेक सही बोटाने मोजली, हजेरीपटातला जानेवारी पुन्हा एकदा पाहिला आणि रजिस्टर माझ्याकडे फिरवलं. "लिख दीजिए कि रोज़ आएगी। नीचे अपना नाम और फ़ोन। कोई बात होगी तो आपको ही बुलाऊंगी।"

लड्डू एका हातात धरून मी दुसऱ्या हाताने लिहिलं. अक्षर इतकं वाईट आयुष्यात आलं नव्हतं. अनुष्का कधी शेजारी येऊन उभी राहिली कळलंच नाही. टाचा उंचावून तिने आधी वरचं वाचलं, स्वतःचं. ते जिथल्या तिथे होतं. मग बोट खाली आणून माझं वाचलं, एकेक अक्षर लावत, "श्री... रं... ग." आणि वर बघून म्हणाली,

"अंकल जी, अब तो आपका नाम भी लिख गया।"

माझे डोळे भरून आले, ते लपवायला माझ्याकडे हातही मोकळा नव्हता. संध्याकाळी रामसनेही तिकीट परत करायला स्टेशनवर गेला. त्या दिवशीच्या शेऱ्यात मी फक्त 'ओले' एवढंच लिहिलं, आणि गुणवंतरावांनीही, पहिल्यांदाच, वस्तुस्थिती नमूद करा म्हणून मागे लागणं टाळलं.